हाडाला पत्ता हवा

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी, एम.ए. करत असताना, एका उत्खननात मी माणसाची कवटी बादलीत बुडवून दातांच्या ब्रशनं घासली होती. उघड्या हातांनी, शेजारी चहाचा पेला ठेवून. माती निघाली, कवटी पांढुरकी दिसायला लागली, मग ती वर्तमानपत्रावर सावलीत वाळत घातली. वाळल्यावर काळ्या शाईनं तिच्यावर क्रमांक घातला आणि शाई पुसू नये म्हणून वरून नेलपॉलिशचा हात दिला. सरांनी शाबासकी दिली. तेव्हा पद्धतच तशी होती आणि मी ती अगदी मन लावून पाळली.

हे मध्यंतरी भाचीला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. ती इथेच पुण्यात बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला प्राचीन डीएनएच्या संशोधनात जायचंय. "मावशी, त्या माणसाचा डीएनए तू बादलीत ओतलास आणि स्वतःचा त्याला चोपडलास," ती म्हणाली. यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पण त्यानंतर दोन-तीन रविवार आम्ही याच विषयावर बोलत बसलो. तिच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, यातलं काहीच कळेना. हाडं उकरून पोटाला काय मिळणार, एवढाच तिचा प्रश्न. हा लेख खरं तर तिच्यासाठी आहे.

आधी मुळातली गोष्ट. आपल्या पेशींतला डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर. आईबापांकडून मुलांकडे तो उतरतो, आणि उतरताना दर पिढीत काही डझन चुका होतात. बहुतेक चुकांनी कुणाचं काही बिघडत नाही. पण त्या पुढच्या पिढ्यांत तशाच उतरत राहतात.

पुण्याच्या माणसाला हे समजायला फार लांब जायला नको. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली. १९१९ला काम सुरू झालं, १९६६ला संपलं. काश्मीरच्या शारदा लिपीतल्या पोथ्यांपासून केरळच्या मल्याळम पोथ्यांपर्यंत १२५९ हस्तलिखितं पंडितांनी ओळीला ओळ लावून ताडून पाहिली. एखाद्या लेखनिकानं एक ओळ गाळली, की त्याच्या पोथीवरून उतरवलेल्या सगळ्या पोथ्यांतून ती ओळ गायब असते. दोन पोथ्यांत एकाच जागी एकच चूक सापडली, तर त्यांचं मूळ कुठेतरी एक आहे हे उघड. कुठली पोथी कुणाची लेक आणि कुणाची चुलत बहीण, हे चुकांवरून ठरतं. डीएनए वाचणारे नेमकं हेच करतात. त्यातही एक छोटा भाग, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा, फक्त आईकडून येतो. वाय गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाकडे जातं. म्हणजे आईच्या बाजूची आणि बापाच्या बाजूची अशा दोन वेगळ्या वंशावळी हाताशी येतात.

जिवंत माणसाचा डीएनए ही कोरी करकरीत छापील प्रत समजा. मेलेल्या माणसाचा डीएनए म्हणजे वाळवी लागलेली, पावसात भिजलेली, उंदरांनी कुरतडलेली पोथी. मजकूर फाटून तीस ते ऐंशी अक्षरांचे कपटे उरलेले असतात. शिवाय त्यात दुसऱ्याच कागदांचा ढीग मिसळलेला, कारण मातीतले जिवाणू हाडात शिरून घर करतात आणि त्यांचा डीएनए तिथेच राहतो. बऱ्याचदा हाडातून मिळालेल्या एकूण डीएनएत माणसाचा वाटा शंभरात एकसुद्धा नसतो.

मग खरा कपटा ओळखायचा कसा? इथे पोथीचाच दाखला पुन्हा कामी येतो. जुन्या पोथीचे काठ पिवळे पडतात, झिजतात. कुणी काठ कोरे असलेली पोथी आणून 'ही हजार वर्षांची' म्हणाला तर आपण हसू. डीएनएच्या तुकड्यांचंही तसंच आहे. चारपैकी सायटोसिन नावाचं अक्षर काळाच्या ओघात बिघडतं आणि यंत्र ते थायमिन म्हणून वाचतं. ही पडझड तुकड्याच्या टोकांना सगळ्यात जास्त होते. टोकांची झीज दिसली तर तुकडा जुना. नाही दिसली तर तो बहुधा उत्खनन करणाऱ्याचा, हाड धुणाऱ्या बाईचा किंवा प्रयोगशाळेत शिंकलेल्या कुणाचा तरी.

या शिंकेनं भल्याभल्यांना फसवलंय. १९९४ साली डायनोसॉरच्या काळातल्या हाडातून डीएनए मिळाल्याचं जाहीर झालं होतं; पुढे निघालं की तो माणसाचाच होता. स्वान्ते पेबो या स्वीडिश शास्त्रज्ञानं १९८५मध्ये इजिप्तच्या ममीतून डीएनए काढल्याचा निबंध लिहिला. तोही पुढे भेसळीचाच ठरला असं आज मानतात. फरक असा, की पेबो त्या चुकीपाशी थांबला नाही. स्वच्छतेचे नियम कडक करत, तंत्र सुधारत तो २०१०पर्यंत निअँडर्थल माणसाच्या संपूर्ण जनुकसंचाच्या पहिल्या मसुद्यापर्यंत पोचला. आफ्रिकेबाहेरच्या आपणा सगळ्यांमध्ये एक-दोन टक्के निअँडर्थल उरलाय हे त्यातून कळलं. २०२२चं नोबेल त्याला मिळालं. पहिल्या पायरीवरच घसरलेल्या माणसाला पुढे नोबेल मिळालं, ही गोष्ट मी भाचीला मुद्दाम दोनदा सांगितली.

आता हाडाकडे येऊ. कवटीच्या तळाशी, कानाच्या आतल्या बाजूला, सुपारीएवढा एक घट्ट भाग असतो. ऐकू येण्यासाठीची शंखासारखी वळलेली नळी याच्या पोटात असते. अख्ख्या सांगाड्यात इतकं दाट हाड दुसरं नाही, त्यामुळे पाणी आणि जिवाणू त्यात सहजी शिरत नाहीत. गेल्या दहा-बारा वर्षांत या सुपारीनं या विषयाचा नूरच पालटला. जिथे मांडीच्या हाडातून काही मिळत नव्हतं, तिथे इथून मिळायला लागलं. आणखी एक गंमत म्हणजे हा भाग मूल जन्माला येण्याआधीच पूर्ण वाढलेला आणि टणक झालेला असतो. म्हणजे तान्ह्या बाळाच्या बाकीच्या हाडांची माती झाली तरी त्याचा कान टिकलेला असू शकतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रयोगशाळेत पायापासून डोक्यापर्यंत पांढरा झगा, दुहेरी हातमोजे, तोंडावर मास्क. खोलीतली हवा बाहेर ढकलली जाईल असा दाब ठेवलेला, म्हणजे दार उघडलं तरी बाहेरची धूळ आत येत नाही. रात्री अतिनील दिवे, सकाळी ब्लीचनं पुसणं. आधी हाडाचं सीटी स्कॅन, कारण एकदा भोक पाडलं की ते परत बुजवता येत नाही. मग बारीक ड्रिलनं सुमारे ५० मिलिग्रॅम भुकटी काढायची; आमटीत वरून घालायच्या चिमूटभर मिठाहूनही ती कमी भरेल. ही भुकटी एका द्रावात घालून रात्रभर कोमट तापमानाला फिरवत ठेवतात. द्रावातलं एक रसायन हाडाचं कॅल्शियम सोडवतं, दुसरं प्रथिनं पचवतं. सुटा झालेला डीएनए सिलिकाला चिकटवून धुऊन घेतात, कपट्यांच्या दोन्ही टोकांना ओळखीच्या खुणा जोडतात आणि यंत्राला वाचायला देतात. पूर्ण वाचन परवडत नसेल, तर जगभरच्या माणसांत जिथे फरक आढळतात अशा १२ लाख ठरावीक जागांसाठी जणू गळ टाकून तेवढेच तुकडे उपसतात.

यानंतर महिनोन्‌महिने संगणक. हा भाग मी फार खुलवत नाही, कारण तो पाहायला कंटाळवाणाच आहे: लिनक्स, पायथन, आर ही संगणकाची साधनं आणि भरपूर संख्याशास्त्र. पण आयुष्यातला निम्म्याहून जास्त वेळ इथेच जातो हे भाचीला आधीच माहीत असलेलं बरं. झगा घातलेला फोटो एक दिवसाचा असतो.

एवढं सगळं करून आपल्याकडे बऱ्याचदा हातात काहीच पडत नाही. कारण उष्णता. न्यूझीलंडच्या मोआ या नामशेष पक्ष्याच्या हाडांवर २०१२मध्ये झालेल्या अभ्यासात, सरासरी १३ अंश तापमानाला डीएनएच्या एका ठरावीक लांबीच्या तुकड्यांचं प्रमाण दर ५२१ वर्षांनी निम्मं होतं, असं दिसलं. आता आपला शिरूर तालुका डोळ्यांपुढे आणा. मे महिन्यात चाळिशीचं ऊन, जूनमध्ये भिजणारी आणि पुन्हा भेगाळणारी काळी माती. सैबेरियाच्या गारठ्यात गाडलेलं हाड आणि घोड नदीच्या काठचं हाड यांची बरोबरी कशी होणार?

हरियाणातल्या राखीगढीची गोष्ट म्हणूनच सांगण्यासारखी आहे. सिंधू संस्कृतीच्या या मोठ्या नगराच्या स्मशानात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ वसंत शिंदे आणि त्यांचे सहकारी खणत होते. प्राचीन डीएनएसाठी हाडांचे ६१ नमुने तपासले गेले. उपयोगी पडला एक. एका बाईचा, साडेचार हजार वर्षांच्या आसपासचा. तिच्याच नमुन्यावर शंभराहून जास्त वेळा प्रक्रिया करून तुकडे जमवले, तेव्हा कुठे २०१९च्या सप्टेंबरात निबंध आला. तिच्यात इराणकडच्या प्राचीन लोकांशी नातं सांगणारा आणि दक्षिण आशियातल्या मूळ शिकारी-संग्राहकांचा असे दोन वारसे होते. युरेशियाच्या गवताळ स्टेप प्रदेशातल्या पशुपालकांचा वारसा नव्हता. त्याच सुमारास ५००हून अधिक प्राचीन माणसांच्या डीएनएचा दुसरा मोठा अभ्यास आला. त्यानुसार तो स्टेप वारसा इसवी सन पूर्व २००० ते १५००च्या दरम्यान आपल्याकडे मिसळला.

त्यानंतर आर्य बाहेरून आले की इथलेच, यावरून जो गदारोळ झाला तो वाचकांना आठवत असेल. एकाच निबंधातून एका वर्तमानपत्रानं एक अर्थ काढला, दुसऱ्यानं बरोबर उलटा. माझं मत विचाराल तर भांडणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ६१ हा आकडा वाचला होता. एका बाईच्या कानातल्या हाडावर अख्ख्या संस्कृतीच्या भाषेचा आणि धर्माचा निकाल लागत नाही. डीएनए कुठली भाषा बोलत होता हे सांगत नाही. आणि तुमच्या-आमच्या जातीच्या मोठेपणाचा दाखला तर त्यात अजिबात नसतो. इसवी सन पूर्व २२००पासून इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकापर्यंत भारतातले बहुतेक सगळे समूह एकमेकांत भरपूर मिसळत होते आणि जातीतल्या जातीत लग्नं लावणं त्यानंतर घट्ट झालं, असं २०१३च्या एका अभ्यासात आजच्या लोकांच्या डीएनएवरून दिसलं. मिश्रणाला 'शुद्ध' म्हणणाऱ्यांची यानं अडचण होते खरी.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. डीएनए माणूस कोण हे सांगतो. तो तिथे का होता, हे हाडाचा पत्ता सांगतो, आणि पत्ता उत्खननाच्या वहीत असतो.

पत्ता हरवला की काय होतं ते उत्तराखंडच्या रूपकुंडात दिसतं. ५००० मीटरहून उंच असलेल्या या तळ्याकाठी शेकडो माणसांची हाडं पडली आहेत. नंदादेवीच्या यात्रेला निघालेला कनौजचा राजा देवीच्या कोपानं लवाजम्यासकट गारद झाला, अशी दंतकथा. सगळे एकाच आपत्तीत मेले असणार असंच मानलं जात होतं. थंडीमुळे तिथे डीएनए उत्तम टिकलाय. २०१९मध्ये ३८ जणांचा निकाल आला. २३ जण भारतीय उपखंडातले, इसवी सन ८००च्या आसपासचे. १४ जण पूर्व भूमध्य समुद्राकडचे, ग्रीस-क्रीटच्या आजच्या लोकांशी जुळणारे, इसवी सन १८००च्या आसपासचे. एक आग्नेय आशियातला. ग्रीसकडची चौदा माणसं हिमालयातल्या त्या तळ्यावर कशासाठी चढली? सांगायला कुणी नाही. दरडींनी आणि गिर्यारोहकांनी हाडं इतकी इकडची तिकडे केली आहेत, की कुठली कवटी कुठल्या धडाची हेसुद्धा उरलेलं नाही. कुणाजवळ काय होतं, कोण कुणाशेजारी पडलं होतं, सगळं पुसलं गेलं. प्रयोगशाळेनं आपलं काम चोख केलं आणि गोष्ट अर्धीच राहिली.

याच्या दुसऱ्या टोकाला आपलं इनामगाव. पुणे जिल्ह्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजनं १९६८पासून १९८३पर्यंत तिथे खणलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही खणणाऱ्या पुरातत्त्वज्ञांची नावं. इसवी सन पूर्व १६०० ते ७०० एवढ्या काळातलं, शंभरावर घरांचं शेतकऱ्यांचं गाव, आणि दोनशेहून जास्त दफनं. लहान मुलांना राखाडी मातीच्या दोन रांजणांत ठेवून रांजण तोंडाला तोंड लावून आडवे पुरायचे, घरातल्याच जमिनीखाली खड्डा करून. मोठ्यांना उत्तरेकडे डोकं करून निजवायचे आणि पाऊलं घोट्यापासून तोडलेली असायची. मेलेला उठून चालू नये म्हणून, असा अंदाज. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मोठ्या मातीच्या भांड्यात एक प्रौढ पुरुष बसवलेला सापडला, पाऊलं शाबूत. तो गावचा प्रमुख असावा असं उत्खनकांनी म्हटलं.

हे रांजण बघायला मी भाचीला येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात घेऊन गेले. ती बराच वेळ काचेपाशी उभी होती. मग म्हणाली, "पण हे बाळ त्याच घरातलं होतं कशावरून?"

करिअर म्हणतात ते अशा प्रश्नातून सुरू होतं, असं मला वाटतं. कारण आम्ही सगळ्यांनी ते धरूनच चाललं होतं. घरात पुरलंय, म्हणजे घरचंच. तुर्कस्तानातल्या चाताल्होयूक या नऊ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीतही घराच्या जमिनीखाली माणसं पुरलेली आहेत, आणि तिथेही असंच धरलेलं होतं. शंभराहून जास्त जणांच्या डीएनएवरून २०२५मध्ये दिसलं की एका घरात पुरलेले लोक जोडलेले असतील तर ते बहुतेक आईच्या बाजूनं. आणि काळ पुढे सरकला तशी एकाच घरात पुरलेली पण एकमेकांच्या नात्यातली नसलेली माणसंही वाढली. मुली घरी राहायच्या आणि जावई यायचे, असं चित्र त्यातून उभं राहतं. हे कळू शकलं कारण तिथल्या प्रत्येक सांगाड्याचं घर, थर, कोपरा वहीत होता. इनामगावच्या वह्यांतही घराचे क्रमांक आहेत. आपल्या मातीत तुकडे टिकलेत की नाही, एवढाच प्रश्न. आणि बाळाचा कान टणक असतो हे वर सांगितलंच आहे.

आता बहिणीच्या प्रश्नाकडे. रस्ता लांब आहे. डेक्कन कॉलेजात एम.ए.ला विज्ञानाचे पदवीधरही येतात. तिथे माती, भांडी, हाडं हाताळायला शिकतात. दुसरी वाट जीवशास्त्रातून, थेट जनुकशास्त्राकडे. कुठूनही गेलं तरी पुढे नेट ही पात्रता परीक्षा, मग पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं. सुरुवातीची पाठ्यवृत्ती २०२३पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं; पुण्यात एकट्या मुलीचं त्यात भागतं, मजा होत नाही. भारतात प्राचीन डीएनएची सोय असलेल्या प्रयोगशाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या: लखनौची बिरबल साहनी संस्था, हैदराबादची सीसीएमबी ही पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राची संस्था, ही ठळक नावं. बाहेर लाइपझिग, कोपनहेगन, हार्वर्ड. कायम नोकऱ्या कमीच, हे लपवण्यात अर्थ नाही. पण जनुकांची माहिती संगणकावर वाचता येणाऱ्या माणसाला रुग्णालयात, औषध कंपनीत, शेती संशोधनात काम मिळतं. हे ऐकून बहिणीचा चेहरा जरा उजळला. भाचीचा पडला.

आधी पुरातत्त्व की आधी जनुकशास्त्र, हे तिनं मला विचारलं. दोन्हीपैकी काहीही चालेल, पण एक हंगाम तरी खड्ड्यात बसायचं, असं मी सांगितलं. सांकलिया आणि इरावती कर्वे एकाच वर्षी, १९३९ला, डेक्कन कॉलेजात आले. एक माती वाचणारे, एक माणूस मोजणाऱ्या. १९४०च्या दशकात दोघं गुजरातेत लांघणजला एकत्र खणायला गेले आणि तिथे मध्याश्मयुगीन माणसांचे सांगाडे सापडले. सांगाडा उघडा पडतानाच दोघं हजर. आज हे जोडकाम आणखी गरजेचं झालंय, कारण हाड उजेडात आल्यापासूनच्या पहिल्या तासाभरात पुष्कळ काही ठरतं. हातमोजे घातले का, कानाचा भाग न धुता वेगळा काढला का, शेजारची माती घेतली का, ऊन लागू दिलं का. लखनौच्या झग्यातल्या मुलीला हे मागाहून दुरुस्त करता येत नाही.

परवा भाची पुन्हा आली आणि माझी ती जुनी वही मागितली. माळ्यावरच्या ट्रंकेत होती, वाळवीनं एक कोपरा खाल्लेला. निळ्या शाईत माझं तेव्हाचं गोल अक्षर: खड्डा, थर, खोली सेंटिमीटरमध्ये, डोकं कुठल्या दिशेला. आणि खाली एक ओळ, 'कवटी पाण्यानं धुतली, ब्रश वापरला, सावलीत वाळवली.' तिनं त्या पानाचा फोटो काढला. मग वही उलटी-सुलटी करून विचारलं, "कुणी धुतली ते नाही लिहिलंस?"

मी पेन घेऊन माझं नाव घातलं, आणि पुढे आजची तारीख.